दुलाचाच्या हातचा पोहरा

मी पोहरा बोलतोय. तुमच्या आडावरचा पत्र्याचा नव्हे. आफ्रिकेत, केनिया-इथिओपियाच्या सीमेवरच्या बोराना मुलखातल्या खोल विहिरीचा, अस्सल जिराफाच्या कातड्याचा. उगाच बढाई मारत नाही, पण माझ्याइतकं पाणी इथं कुणी उपसलेलं नाही.

मला शिवलं दुलाचानं. तो वाता जमातीचा, बापजादे शिकारी. बोराना लोक गायी राखतात, गाब्रा जमात उंट. दुलाचाकडे शेळ्या पाचच, म्हणून त्याला कुणी खिजगणतीत धरत नसे. त्याची पाळी सगळ्यात शेवटी, तोवर तळाशी चिखल उरायचा. मला फार राग यायचा.

विहिरीत दहा गडी एकावर एक उभे राहतात आणि गाण्याच्या ठेक्यावर आम्हा पोहऱ्यांना हातोहात वर देतात. घरी एकमेकांचं तोंड न पाहणारेही तिथं एका सुरात गातात, याची मला भारी गंमत वाटते.

एका दुष्काळात बाकीचे पोहरे फाटले आणि ऐन गर्दीत माझीही शिवण उसवली. वर गाब्रांच्या गुयोचे चाळीस उंट ताटकळलेले.

"ए शेळीवाल्या!" पाळ्या लावणारा म्हातारा हलाके ओरडला. "तुझा पोहरा बघ, तुझ्यासारखाच ऐन वेळी बसला!"

"बारा वर्षं राबवलात. चरबी कितीदा चोळलीत, हलाकेबाबा?" दुलाचा म्हणाला आणि मांडी ठोकून शिवायला बसला.

शिवून झाल्यावर हलाकेनं तंबाखू पुढे केली.

"तंबाखू नको. माझ्या शेळ्यांना पाणी द्या. दोन मेल्या. उरलेल्या तीन संध्याकाळ बघायच्या नाहीत."

"पाळी गुयोची आहे. ती मला मोडता येत नाही रे."

मग गुयो उठला.

"पाळी माझीच ना? मग ती मी यालाच दिली. माझे उंट आहेत, घटकाभर कळ काढतील. म्हणा गाणं!"

मी खाली गेलो, भरलो, दहा हातांतून वर आलो. जन्मात पहिल्यांदा मी एक थेंबही सांडू दिला नाही.

आता मी म्हातारा झालोय, ठिगळांतून झिरपतो. शिकार बंद झाली, नवे पोहरे टायरच्या रबराचे होतात. खुशाल होऊ द्या. फक्त एवढं ऐका: ज्याच्या हातचा पोहरा, त्याला चिखल पाजू नका.