ढब्ब्याची दाढ

दिवसभर लोकांच्या कुत्र्यांची तोंडं उघडून डॉक्टरीणबाई घरी आल्या की त्यांना स्वतःचंही तोंड उघडायचा कंटाळा येई. जेवायच्या, भांडी विसळायच्या आणि झोपायच्या. म्हणूनच घरच्याच ढब्ब्याच्या डोळ्याखालची सूज त्यांना उशिरा दिसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यांनी त्याचा ओठ वर केला. वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडालेला, आतली नस उघडी पडलेली आणि मुळाशी पू.

"बाबा, याला हाडं कोण देतं?"

वडिलांनी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं. "दात मजबूत होतात म्हणून..."

"आणि याला दुखतंय हे दिसलं नाही तुम्हाला?"

"अगं, खात होता की दोन्ही वेळा!"

"खाणारच. भूक कुणाला चुकलीय? दुखऱ्या बाजूने चावत नाही, एवढंच. मान तिरकी करतो, अर्धं बाहेर सांडतो. जनावर दुखणं लपवतं बाबा, घसा कोरडा करून सांगते मी लोकांना."

नसेवर उपचार करून दाढ वाचवायची वेळ कधीच निघून गेली होती. आता भूल देऊन ती काढायची. पण ढब्ब्या म्हातारा, त्यात हृदय अधू.

"उठला नाही तर?" वडिलांनी विचारलं. आई गेल्यापासून ते मोकळेपणाने बोलत ते फक्त ढब्ब्याशी. इतरांना बाई अशा वेळी "काळजी करू नका" म्हणत. बापाला काही ते सांगवेना.

दुसऱ्या दिवशी वडील दवाखान्याच्या बाकावर रिकामा पट्टा हातात धरून बसले. आत बाईंनी दाढेचे तीन तुकडे केले, एकेक मूळ हलवत सोडवलं. शेवटचं काही केल्या हटेना. मदतनीस श्वासावर नजर ठेवून होती. अखेर मूळ सुटलं. त्यांनी हिरडी शिवली आणि भूल बंद केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग जीभ हलली, शेपटी टेबलावर आपटली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. वडील ढब्ब्याच्या मानेत तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी दोघांपुढे मऊ जेवण आलं. ढब्ब्या हावऱ्यासारखा चाटत होता. बाई खुर्चीत पाय पसरून, शिणलेल्या डोळ्यांनी नुसत्या बघत बसल्या होत्या.

वडील दुधात भिजवलेला पाव खात होते. घास तोंडात गेला की त्यांची मान तिरकी होई. ताटाबाहेर बरंच सांडलं होतं. हल्ली ते असेच सांडायचे. मागे त्यावरून बाई त्यांच्यावर चिडल्याही होत्या, म्हातारपणी ताळतंत्र सुटलं म्हणून. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या उठल्या आणि वडिलांसमोर जमिनीवर बसल्या.

"बाबा, आ करा बघू."

वडिलांनी ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाले, "अगं, खातोय की मी दोन्ही वेळा."