डॉक्टरांचा फोन

डॉक्टर आगाशे यांचा फोन वाजला तेव्हा डॉक्टर आगाशे चितेवर निजलेले होते आणि फोन गोपीनाथ भंगाळे यांच्या झब्ब्याच्या खिशात होता.

भैंसाकुंड घाटावरच्या स्मशानात चौथऱ्यावर जमलेल्या माणसांनी एकदम वळून बघितलं. पंडितजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. गोपीनाथांनी घाईघाईने खिशात हात घातला. आधी चष्म्याचं घर बाहेर आलं, मग रुमाल, मग बडीशेपेची पुडी आणि सगळ्यात शेवटी फोन.

"किसका है?" पंडितजींनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"इन्हीं का है," म्हणत गोपीनाथांनी चितेकडे हात केला.

पंडितजींनी एक सुस्कारा टाकला आणि पुन्हा मंत्राला हात घातला.

फोन अद्वैतचा असणार हे गोपीनाथांना ठाऊक होतं. सकाळी विकास नगरच्या घरातून निघताना देवयानीवहिनींनी नवऱ्याचा फोन त्यांच्या हातात दिला होता. त्या रडत नव्हत्या. रात्रभर रडून झालं होतं. "भावजी, अद्वैतचा फोन यावरच येईल. जहाजावर नेट कधी लागतं, कधी नाही. लागलं तर त्याला एकदा बाबांचा चेहरा दाखवा. बाकी काही नको. चेहरा तेवढा दाखवा."

अद्वैत त्यांचा एकुलता एक मुलगा, लखनऊत वाढलेला, मराठी समजणारा पण बोलणारा हिंदीतच. मालवाहू जहाजावर अधिकारी. जहाज आफ्रिका सोडून ब्राझीलच्या वाटेवर भर समुद्रात होतं. किनारा लागायलाच आठवडा जाणार होता, मग घर कुठलं? रात्री त्याला निरोप पोचला, "मैं कॉल करता हूँ" एवढं त्याचं उत्तर आलं आणि नेट गेलं ते गेलंच. सकाळी घरात जेवढं थांबता आलं तेवढं सगळे थांबले. पण लखनऊचा मे महिना कोणासाठी थांबत नाही. शेवटी कानपूरहून आलेल्या विक्रमने, डॉक्टरांच्या भाच्याने, पुढे होऊन मडकं उचललं.

गोपीनाथांनी फोन डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर काहीही नव्हतं. काळी काच, तिच्यात पांढरं आभाळ आणि चष्मा लावलेलं एक म्हातारं तोंड, जे त्यांचं स्वतःचं होतं. हिरवं बटण जिथे असायला हवं तिथे त्यांनी अंदाजाने बोट फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवल्यावर आतून खरखर आली.

"हॅलो? माँ?"

"अरे, मी गोपीकाका. आम्ही घाटावर आहोत बाळा."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "काका, बाबा को दिखाइए ना. मुझे आप दिख रहे हैं. कैमरा पलटिए."

"गजेंद्र!" गोपीनाथांनी शेजारच्या तरुणाला हाक मारली. गजेंद्र तुपाचा डबा खाली ठेवून आला, एका हाताने फोनवर सावली करत त्याने कुठेसं दाबलं आणि म्हणाला, "हो गया अंकल, अब दिखा दीजिए." तो डब्याकडे परत गेला. इथे गोपीनाथांचा स्वभाव नडला. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारा माणूस तो. नक्की झालं ना, म्हणून त्यांनी त्याच जागी आणखी एकदा दाबलं. कॅमेरा पुन्हा त्यांच्याकडेच वळला. आणि ते काही त्यांना दिसलं नाही.

"दिसतंय का रे?" चितेकडे हात लांब करून त्यांनी विचारलं.

"काका, वो तो..." आणि फोन कटला.

हा सगळा घोळ डॉक्टरांच्या कंजुषीचा होता. पैशाच्या बाबतीत त्या माणसाने कधी हात आखडला नाही, पण फोनचा उजेड त्याने जन्मात पट्टीच्या पाव भागाच्या वर नेला नाही. रोज सकाळी फिरायला गेलं की बागेत कोणाचा तरी संदेश यायचा आणि डॉक्टर रस्त्यात थांबून, पंजाची टोपी करून, फोन नाकाला लावून वाचत बसायचे.

"डॉक्टर, उजेड वाढवा की जरा. घरात दिवे लागतात तसे फोनलाही लागतात."

"बॅटरी वाचते, भंगाळे."

"वाचवून काय वर घेऊन जाणार आहात?"

हे ते किती वेळा बोलले असतील. आता चौथऱ्यावर उभं राहून ते वाक्य आठवलं आणि गोपीनाथांना आपली जीभ कापून टाकावीशी वाटली.

त्यांची ओळखही भांडणातूनच झाली होती. गोपीनाथ अमौसीला विमानतळावर कार्गोत होते. सगळी नोकरी तिथेच गेली. खोकी उतरवून घ्यायची, खोकी चढवायची, मधल्या वेळात शिव्या खायच्या. एका दुपारी संशोधन संस्थेतले एक शास्त्रज्ञ, म्हणजे हेच डॉक्टर आगाशे, पुण्याहून आलेल्या रोपांच्या खोक्यासाठी तावातावाने इंग्रजीत बोलायला लागले. रोपं उन्हात ठेवल्यामुळे मान टाकून बसली होती. बोलून बोलून दमल्यावर ते मराठीत पुटपुटले, "गाढवांच्या हाती कारभार." गोपीनाथांनी पावती फाडता फाडता अस्सल जळगावी मराठीत विचारलं की साहेब, गाढवाने सही कुठे करायची? डॉक्टर आधी लालबुंद झाले आणि मग इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. त्या दिवसापासून आमटीत गूळ असावा की नसावा इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत दोघांचं कशावरही एकमत झालं नाही. लखनऊत मराठी बोलणारे पुष्कळ होते. मराठीत भांडता येईल असा गोपीनाथांना हा एकच माणूस मिळाला होता.

आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे त्यांनी कालपासून नीट बघितलंही नव्हतं. हॉस्पिटलचे कागद, गाडी, बर्फ, लाकडं, विक्रमला आणायला स्टेशनवर कोण जाणार, सगळं त्यांच्याच गळ्यात होतं. लोक चेहऱ्यापाशी जाऊन हात जोडून येत होते आणि ते दारात गाडीवाल्याशी बोलत होते. घाटावर निवांत बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तिथे कोणी आपल्याला हाका मारणार नाही.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा काळी काच, पुन्हा अंदाजाने बोट. या वेळी अद्वैतचा आवाज आलाच नाही, नुसती घरघर. गोपीनाथांनी आपणच बोलायला सुरुवात केली. त्याला दिसत असो नसो, ऐकू तरी जाईल. "हे बघ, विक्रम प्रदक्षिणा घालतोय. बाबांना ती निळ्या काठाची शाल घातलीय. वहिनींनीच काढून दिली..." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की घरघरही थांबली आहे. किती वेळ ते रिकाम्या फोनला सांगत होते कोण जाणे. फोन हातात तव्यासारखा तापला होता.

पंडितजींनी आवाज चढवला. "जिसको दर्शन करना है, कर ले भैया. अब मुँह ढकेंगे."

लोक पुढे सरकले. गोपीनाथही निघाले आणि फोन तिसऱ्यांदा वाजला.

एक क्षण त्यांना वाटलं, वाजू दे. आधी आपण बघून घेऊ. पण चेहरा तेवढा दाखवा, असं वहिनी म्हणाल्या होत्या. आधी हा उजेड वाढवायला हवा, आणि उजेड वाढवायची ती पट्टी दिसायला तरी सावली पाहिजे. चौथऱ्यावर सावली कसली? चितेच्या मागून ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. गोपीनाथ तरातरा दोन पायऱ्या खाली उतरले, उन्हाकडे पाठ केली आणि स्वतःच्याच डोक्याच्या सावलीत फोन धरून बोट फिरवलं.

काळ्या काचेतून हळूहळू एक चेहरा वर आला. अद्वैतच होता. दाढी वाढलेली, मागे लोखंडी भिंत. डॉक्टरांचंच नाक. आणि कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकोनात त्यांचा स्वतःचा चष्मा.

म्हणजे एवढा वेळ आपण पोराला आपलंच थोबाड दाखवत होतो! त्यांनी कॅमेरा फिरवायला बोट पुढे केलं.

"नहीं काका! हाथ मत लगाइए!" अद्वैत ओरडला. "वैसे ही रहिए. बाबा दिख रहे हैं."

"कुठे?"

"आपके पीछे. कंधे के ऊपर से. पूरा चेहरा दिख रहा है."

गोपीनाथांना मागून विक्रमचा आवाज आला. "काका, या ना. झाकतायत आता."

त्यांनी मान वळवायला सुरुवात केली. त्याबरोबर डोक्याची सावली सरकली आणि ऊन थेट फोनवर आलं.

"काका, चला गया! सब सफ़ेद हो गया!"

ते झटकन पूर्ववत झाले. "आता?"

"हाँ. आ गए. प्लीज़ काका, हिलिए मत."

फोन फिरवायचा म्हणजे पुन्हा उन्हात जायचं, पुन्हा आंधळ्यासारखं चाचपायचं, पुन्हा कटला तर पुन्हा लागेल याची खात्री नाही. तेवढ्यात चेहरा झाकला गेला असता. गोपीनाथांना हे सगळं क्षणात कळलं. दोघांपैकी एकालाच बघता येणार होतं. सबंध कार्गोच्या नोकरीत त्यांना एवढा सोपा निर्णय कधी घ्यावा लागला नव्हता आणि एवढा जड जाणाराही.

"गोपीनाथ भाई, आइए!" बागेत बरोबर फिरणारे आदेशजी वरून म्हणाले. "फोन बाद में देख लीजिएगा. ऐसे मौके पर भी..."

"तुम्ही करा," गोपीनाथ पाठमोरेच म्हणाले. "करा तुम्ही. माझं चालू द्या."

मागे कोणी तरी हळू आवाजात काही बोललं. ते त्यांच्याबद्दलच असणार. त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला आणि ताठ उभे राहिले. पाठीला ऊन चटका देत होतं. त्यांचा मित्र चार हातांवर होता, आणि तो कसा दिसतोय हे त्यांना साता समुद्रापलीकडच्या पोराला विचारावं लागणार होतं.

"अद्वैत," ते म्हणाले, "काय चाललंय रे?"

"विक्रम भैया मुँह में पानी डाल रहे हैं." अद्वैत एकेक शब्द सावकाश बोलत होता. "अब तुलसी रखी. किसी ने शॉल ठीक की है."

"चेहरा कसा आहे?"

"ठीक है, काका. सोए हुए लग रहे हैं." तो थांबला. "दाढ़ी बढ़ गई है. सफ़ेद."

"हॉस्पिटलात करायची राहिली. मी म्हटलं होतं त्याला, उद्या न्हाव्याला घेऊन येतो." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून डॉक्टरांचा एकेरी उल्लेख झाला होता. "कपाळाला आठ्या आहेत का?"

"नहीं. बिल्कुल नहीं."

"बरं झालं. परवा फार दुखत होतं."

"मुँह थोड़ा सा खुला है."

"असणारच," गोपीनाथ म्हणाले. "बोलायचं राहिलं असेल काही. मला शेवटचा शब्द कधी घेऊ दिलाय त्याने?"

अद्वैत हसला. हसता हसताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, पण नजर त्याने हलवली नाही. गोपीनाथ त्या नजरेकडे बघत राहिले. मागे काय होत होतं ते तिथे जेवढं दिसेल तेवढंच त्यांना दिसत होतं.

"अब पंडितजी ने हाथ दिखाया," अद्वैत म्हणाला. "कपड़ा खींच रहे हैं... माथा... काका, ढक दिया."

लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

"काका, आपने तो सुबह ठीक से देख लिया था ना?"

"हो रे," ते म्हणाले. "बघितलं. आत्ताच बघितलं."

वरून विक्रमने मंत्राच्या मागोमाग म्हणायला सुरुवात केली. तुपाचा वास आला, पाठीवरचं ऊन एकाएकी वाढल्यासारखं झालं. आता वळायला काही हरकत नव्हती. पण अद्वैत अजून बघत होता, म्हणून गोपीनाथ फोन तसाच समोर धरून, मान न हलवता उभे राहिले.