लोंबकळी अक्षरं

"पाय जरा जास्तच फाकलाय का गं याचा?" काशिनाथांनी अक्षराच्या साच्यासाठी कापलेली फिल्म उजेडाकडे धरली.

ती त्यांच्याच गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची फिल्म होती. तिच्यातून एक 'ज' कापून निघाला होता, पोट सुटलेला, एक पाय हवेत उडवणारा. त्या फटीतून अवधपुरीचं सकाळचं ऊन थेट वसुधाच्या पुस्तकावर पडलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक म्हणजे? पुण्यात एवढं मोठं ग्रंथालय सांभाळलंस, आणि मत विचारलं तर ठीक!"

"वाचता येतोय, बाबा."

"वाचता तर खतऱ्याचा बोर्डही येतो," ते हसले आणि ब्लेडने त्या पायाची टाच गोल करू लागले. मराठी मंडळाच्या बालजत्रेचा फलक रविवारी लागायचा होता. दुपारी त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली, संध्याकाळी दूध आणलं, सुटे पैसे दिले नाहीत म्हणून दूधवाल्याला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधा चहा घेऊन गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

इथल्या, हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं सरळ अक्षरं काढली. 'सावधान', 'हेलमेट पहनें', 'धूम्रपान वर्जित'. सगळी एका उंचीची, कवायतीला उभी केल्यासारखी. तेव्हा ते राहत त्या बरखेड्याच्या क्वार्टरसमोर बागेत एक लोखंडी दांडी होती. कॉलनीतली पोरं तिला लोंबकळत. कुणाचा सदरा वर सरकलेला, कुणाची चप्पल गळालेली. एका संध्याकाळी काशिनाथ बराच वेळ ते बघत बसले. मग घरी येऊन त्यांनी पाटीवर शिरोरेषा ओढली, जराशी सैल, आणि तिला एक 'क' लोंबकळवला.

"अगं बाई, हा पडेल की!" वसुधाची आई मनोरमा म्हणाली आणि नाव पडलं, लोंबकळी.

वेलांटी झाली मागे उडालेली वेणी, अनुस्वार झाला वर भिरकावलेला चेंडू. एकेक अक्षर ते वीस-वीसदा काढत. गंमत करायची तर माप आधी पक्कं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू लोंबकळी सगळ्या टाउनशिपभर पसरली. बालवाडीवर, दूध केंद्रावर, लग्नाच्या कमानींवर, आइस्क्रीमच्या गाड्यांवर. एकदा हुक्की येऊन त्यांनी सबस्टेशनवरचा 'खतरा'ही लोंबकळवला. त्यावर मेमो आला: 'खतरा देखकर बच्चे हँस रहे हैं.' तो मेमो ते घरी येईल त्याला अभिमानानं वाचून दाखवत.

वसुधाला तो अभिमान झेपत नसे. नववीत असताना ती मैत्रिणीबरोबर, इंजिनियर साहेबांच्या प्रतिभाबरोबर, शाळेतून येत होती. बालवाडीच्या भिंतीशी प्रतिभा थांबली.

"कसली भारी अक्षरं आहेत गं! कोण काढतं?"

काशिनाथ शिडीवर होते, पाठमोरे.

"असेल कुणीतरी पेंटर," वसुधा म्हणाली.

शिडीवरचा ब्रश थांबला. मग पुन्हा चालू लागला. घरी आल्यावर त्यांनी तिला विचारलं ते एवढंच, की गणिताचा पेपर कसा गेला.

त्यानंतर चाळीस वर्षांत दोघांनीही तो विषय काढला नाही. वसुधानं अक्षरांच्या घडणीवरची पुस्तकं ढिगानं वाचली. सहकाऱ्यांशी त्यावर ती तासन्‌तास बोले. वडिलांच्या अक्षरांबद्दल मात्र कुणाशीच बोलली नाही, त्यांच्याशी तर नाहीच.

रविवारी बालजत्रेऐवजी मंडळात शोकसभा ठेवली होती. वसुधा दारात पोचली, तर सेक्रेटरी वैजयंतीकाकू शिपायाला फैलावर घेत होत्या.

"अरे केशव, शोकसभा आहे की सर्कस?"

दारातल्या फळ्यावर 'कै. काशिनाथ खळदकर यांना श्रद्धांजली' ही ओळ लोंबकळी अक्षरांत नाचत होती.

"मैडम, अलमारी में यही साँचे रखे थे," केशव रडकुंडीला आला. "ऐसे मौके पर सीधे अक्षर तो बाबूजी ही हाथ से लिखते थे. अब किससे लिखवाता?"

काकूंनी ओलं फडकं उचललं. "वसुधा, माफ कर गं बाई. दोन मिनिटांत पुसते."

वसुधा फळ्यापुढे उभी राहिली. केशवनं साचे वाकडेतिकडे ठेवले होते, कुठे रंग ओघळला होता. तरीही ओळ तुटली नव्हती. जड अक्षरांपाशी रेषा वाकत होती, हलक्यांपाशी वर येत होती. अनोळखी हातातही ती अक्षरं एकमेकांना सांभाळून होती. एवढ्या वर्षांत तिनं ती अशी, समोर उभं राहून, कधी वाचलीच नव्हती.

"राहू द्या, काकू," ती म्हणाली. "पुसू नका."

आत अध्यक्ष गोपीनाथराव बोलायला उठले. तिच्याकडे पाहून त्यांनी शब्द जपून वापरले. "आपले खळदकर कारखान्यात जबाबदारीच्या पदावर होते. फावल्या वेळात, हौस म्हणून, फलकबिलक रंगवीत..."

"हौस नाही, काका."

माना वळल्या. वसुधा उभी राहिली होती. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ते पेंटर होते. बाहेरची अक्षरं त्यांनी घडवलीत. मी जन्मभर अक्षरांबद्दल वाचत आले; इतकी चांगली मी कुठेच पाहिली नाहीत. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही." तिनं दारातल्या फळ्याकडे बोट दाखवलं. "मी त्या पेंटरची मुलगी."