पहिल्या नंबराची संस्कृती

वक्तृत्व स्पर्धेचा करंडक हातात पडला, तसा संस्कृतीनं तो पाहुण्यांच्या टेबलावर ठेवला आणि ती स्टेजवरून सरळ निघून गेली. टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. मुख्याध्यापक राधाकिशन सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी अमरसिंहांची होती. निम्मं शिवार त्यांचं आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेच.

"माज हाय, दुसरं काय!" शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं एकमत झालं.

दीपमालाबाईंना मात्र ते पटलं नाही. संस्कृतीचा आठवीचा वर्ग यंदाच त्यांच्याकडे आला होता. संस्कृती भाषणात दोनदा अडखळली होती, आणि आईबाप ऊसतोडीला गेलेल्या, त्याच वर्गातल्या मुक्तानं अख्खा हॉल खिळवून ठेवला होता. बाकीच्या पोरींना जे कळलं, ते संस्कृतीला कळलं नसेल?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खात बसलेली दिसली. बाई शेजारी जाऊन टेकल्या.

"रागवायला नाही आले. करंडक का ठेवलास?"

"तो मुक्ताचा व्हता, बाई." तिनं भाकरीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला. "खोखोत आउट झाले तरी मला कुणी आउट म्हणत न्हाई. अध्यक्षांची पोरगी हाय, सांभाळून घ्या, असं सरांनी सांगितलंय पोरींना. मग कोण बोलंल माझ्याशी?"

नुसतं कळवळून भागणार नव्हतं. त्या आठवड्यात वर्ग झाडायच्या पाळीत बाईंनी पहिल्यांदाच संस्कृतीचं नाव घातलं, आणि निबंधाला तिला वीसपैकी नऊ मार्क पडले.

लगेच अमरसिंहांची गाडी शाळेत आली. राधाकिशन सर खुर्ची पुसायला धावले.

"माझ्या पोरीच्या हातात झाडू का म्हून दिला, बाई? आन् नऊच मार्क?"

"निबंध नऊचाच होता, भाऊसाहेब. पुढच्या वेळी बारा पडतील, मी शिकवते तिला. आणि झाडायची पाळी सगळ्यांनाच असते." बाईंचा आवाज जराही चढला नाही. "तिच्या मैत्रिणी घरी येतात का कधी?"

"वाढदिवसाला सारं गाव येतं."

"गाव तुमच्यासाठी येतं. तिच्यासाठी कोण येतं?"

राधाकिशन सर पंख्याकडे बघत राहिले.

"घरात लई गप असती," अमरसिंह म्हणाले. "मला वाटलं, वयच तसं हाय."

"इथं तिला इतर पोरींसारखीच राहू द्या. बाकी माझ्यावर सोडा."

अमरसिंह उठले. जाता जाता सरांना म्हणाले, "बाई म्हणतील तसं करा."

सोमवारी परिपाठाला संस्कृतीनं स्वतःच्या हातानं करंडक मुक्ताला दिला. पोरी लगेच काही गळ्यात पडल्या नाहीत. चार दिवस नुसत्या बघत राहिल्या. मग एका दुपारी मैदानावरून मुक्ताचा आवाज आला, "येडी हायस का गं? मी खो द्यायच्या आदीच उठतीस कशी? तुज्यामुळं फाऊल झाला ना!"

संस्कृती धापा टाकत व्हरांड्यात आली. तोंड लालबुंद, फ्रॉकला माती.

"बाई, मुक्तानं मला लई शिव्या घातल्या!" ती हसत सांगत होती. पूर्ण सांगून होण्याआधीच तिकडून हाक आली, तशी ती पुन्हा मैदानाकडे पळाली.