पुठ्ठ्याचा चेक

शाळेतल्या सिस्टरला सगळे नुसतं सिस्टरच म्हणत. तिचं राज्य एका खोलीपुरतं होतं: एक खाट, औषधांचं कपाट, बर्फाच्या पिशव्यांचा बुटका फ्रिज. पोटदुखीची निम्मी पोरं गणिताच्या तासालाच येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती त्यांना घटकाभर निजू द्यायची.

त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत दुसरीतल्या एका मुलाच्या घशात सफरचंदाची फोड अडकली. पोर निळं पडलं. वर्गाच्या बाई नुसत्याच सैरावैरा धावत होत्या. सिस्टरने त्याला मागून कवेत घेतलं, पोटावर नेटाने झटके दिले आणि फोड बाहेर उडाली. पोराने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे तिने त्याला सोडलं.

मुलाचा बाप पालक संघाचा अध्यक्ष होता. त्याने वर्गणी काढली आणि लोकांनीही हात सैल सोडला. वार्षिक समारंभात पुठ्ठ्याचा भला मोठा चेक तिच्या हाती देऊन फोटो काढले. खरे पैसे पुढच्या पगारासोबत आले. थोडे कमी वाटले, पण तिने विचारलं नाही. दानात मिळालेल्या गाईचे कुणी दात मोजतं का? अर्धांगवायूने आडवी झालेली तिची आई सवलतीच्या फीवर सरकारी आश्रमात होती. तिच्यासाठी तिने चांगली चाकांची खुर्ची घेतली.

वर्ष सरलं आणि आश्रमातून फोन आला. मुलीचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलंय, सवलत बंद. पूर्ण फी भरा, नाहीतर आईला घरी न्या.

ती शाळेच्या अकाउंटंटकडे गेली.

"भेटीची रक्कम पगारात धरली गेली, सिस्टर. म्हणून कर कापला, आणि कागदावर उत्पन्नही वाढलं."

"पगार कसला? लोकांनी खुशीने दिलं होतं."

"शाळेच्या खात्यातून आलं ना. नोकरीतल्या कामाबद्दल, शाळेमार्फत. इथल्या कायद्याने तो पगारच. पालकांनी आपापलं तुमच्या हातात दिलं असतं, तर ती भेट झाली असती. छदामही कापला नसता."

"मग तसं का नाही दिलं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "शाळेला दिलं की देणगीची पावती मिळते. पावतीवर त्यांचा कर कमी होतो. मी अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं."

"माझ्या नाही घातलंत."

त्याने चष्मा पुन्हा चढवला आणि समोरची वही उघडली.

संध्याकाळी तिने अध्यक्षाला फाटकाशी गाठलं. त्याने गाडीची काच अर्धीच खाली केली.

"सिस्टर, स्पष्ट बोलतो. पावती मिळणार म्हणून लोकांनी एवढं दिलं. नाहीतर फुलांचा गुच्छ आला असता."

"गुच्छ परवडला असता मला."

"बघतो, काहीतरी मार्ग काढू," तो म्हणाला. मागच्या सीटवरून त्याच्या मुलाने तिला हात केला. तिनेही केला, पोराचा काय दोष.

मार्ग काही निघाला नाही. कानावर मात्र आलं, की एवढं करूनसुद्धा सिस्टरचं रडगाणं चालूच आहे.

आई घरी आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्ची खाली जिन्याशी साखळीने बांधून ठेवावी लागली. सगळी हकीकत ऐकून आई जड जिभेने म्हणाली, "आयजीच्या जिवावर बायजी उदार." सिस्टरला हसू आलं आणि मग आवरेना, शेवटी ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. दिवसभर माणूस ठेवायचा तर पगार तिकडेच जाणार. सिस्टरने राजीनामा दिला आणि आसपासच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शनं करायचं ठरवलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "निरोप समारंभ करायचाय. पालक संघालाही काही द्यायचंय."

"द्यायचं तर हातात देऊ दे," ती म्हणाली. "शाळेमार्फत नको."

समारंभाला अध्यक्षाने भाषण केलं आणि सगळ्या पालकांच्या सह्यांचं एक कार्ड तिच्या हातात दिलं. आत सह्याच होत्या.

ती निघताना अकाउंटंट जिन्यात आडवा आला. त्याच्या हातात पाकीट होतं. "हे माझ्याकडून. याची पावती नाही."

तिने पाकिटाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच तिला जास्त राग आला.

"तेव्हा एक शब्द बोलला असतात, तर हे द्यावं लागलं नसतं," ती म्हणाली आणि बाजूने खाली उतरली. आईच्या जेवणाची वेळ टळून गेली होती.