कान मात्र कुत्रीचे

"हिचे कान बघ जरा. सिंहिणीचे आहेत की मालकांच्या कुत्रीचे?"

मित्रांनो, मी एक जुनी दगडी सिंहीण आहे, आणि माझ्या कानांवर पडलेलं पहिलं वाक्य हे असं माझ्या कानांबद्दलच होतं. कुरकुरत होती ती लुस्पनारची आत्या, माझ्या तोंडाला लावायचा गेरू वाटता वाटता. लुस्पनार म्हणजे मला घडवणारा. त्याने मान वर केली नाही.

"आत्या, तू गेरू वाट."

"वाटतेच आहे. कान मात्र कुत्रीचे."

मी आजच्या स्पेनमधल्या सेगुरा नदीकाठच्या खाणीतली. आमच्याकडचा दगड खाणीतून नुकता काढला की लाकडासारखा मऊ असतो, म्हणून लुस्पनारने मला सुताराच्या वाकसाने तासलं. पुढे वारा लागून आम्ही कडक होतो. दगडही, आणि माणसंही.

गढीचा मालक बिलोस वारला होता. त्याच्या अस्थींवरच्या थडग्यावर राखण हवी, असं त्याच्या बायकोने, उर्कउनिनने ठरवलं. ती राखण सिंहिणीचीच हवी, हा हट्ट तिच्या धाकट्या दिराचा, सोसिनचा. त्याने बंदरावरच्या फिनिशियन व्यापाऱ्याकडून हस्तिदंती कंगवा आणला होता. त्यावर सिंह कोरलेला. "अगदी अश्शीच हवी," तो म्हणाला होता.

लुस्पनारने कंगव्यावरून जबडा घेतला, बाहेर लोंबणारी जीभ घेतली. आयाळीच्या वळ्या तो एका ग्रीक उस्तादाकडे शिकला होता, त्या घातल्या. सिंहिणीला आयाळ असते का? मला विचारू नका, मला आहे. राहिले कान. कंगव्यावरच्या सिंहाचे कान आयाळीत दडलेले. तेव्हा बिलोसची शिकारी कुत्री जिथे त्याची चिता जळाली तिथे अन्नपाणी सोडून पडली होती, तिच्याकडे बघून लुस्पनारने माझे कान कोरले.

मग मला गवताच्या दोरखंडांनी ओढत थडग्यापाशी नेलं. तिथे जेवणावळ बसलेली. सोसिन उठला आणि त्याने कंगवा माझ्या तोंडाशी धरला.

"वहिनी, हे चालायचं नाही. शेजारच्या गढीवरचे हसतील आपल्याला. ही फोडू या. मी बंदरावरून खरा ग्रीक कारागीर आणतो."

"जबडा त्यांचा, केस त्यांचे," लुस्पनार म्हणाला. "कान तरी आपले राहू द्या, सोसिनदादा."

"सिंहाला कुत्रीचे कान असतात का रे?"

म्हातारेकोतारे आपापल्या प्याल्यात बघत बसले. सोसिनने घण उचलला.

आमच्याकडे एक रीत होती. मयताच्या जेवणाला ग्रीकांचे काळे चकचकीत प्याले काढायचे, मानाने प्यायचं, आणि शेवटी ते खड्ड्यात फोडून वर माती लोटायची. परक्याची वस्तू कितीही सुंदर असो, आपला माणूस गेला की तिचंही काम संपलं. उर्कउनिनने आपला प्याला फोडला आणि हात पुढे केला.

"द्या तो कंगवा, भाऊजी."

ताडून बघणार असेल, असं वाटून त्याने दिला. तिने तो खड्ड्यातल्या खापरांवर टाकला. वर एक वाक्य बोलली. घण खाली आला, पण मातीवर. ते वाक्य शेवटी सांगते.

मी थडग्यावर बसले, कानांसकट. मेंढपाळ माझ्या सावलीला टेकायचे, बाया अंजिरं ठेवायच्या, पोरं पैजेने माझ्या तोंडात हात घालून पळायची. मग बिलोसच्याच वंशात भांडणं लागली आणि मला फोडलं गेलं. परक्यांनी नव्हे, घरच्यांनी. माझे तुकडे दुसऱ्या कुणाच्या थडग्याखाली भरताड म्हणून गेले. किती काळ तोंडात माती धरून पडले होते कोण जाणे. शेवटी एका नांगराच्या फाळाला माझं नाक लागलं.

आता मी शहरातल्या संग्रहालयात आहे. डोकं आणि पुढचे पंजे. मागचं धड अजून सापडायचंय. मोठमोठी माणसं समोर उभी राहून वाद घालतात.

"जबडा सरळसरळ फिनिशियन."

"केस ग्रीक, यात शंकाच नाही."

"आणि कान?"

"कान चुकलेत."

ज्याचं त्याला वाटून झालं की माझ्यात माझी अशी उरते ती एक चूक. चालेल. पण ती चूक मी कुणाला देणार नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली तर तिला जपा. भरताडात टाकू नका, ती घरचीच असली तर मुळीच नको. आणि तिने कुणाकडून काय घेतलं एवढंच विचारून थांबू नका. घेऊन त्याचं काय केलं, तेही विचारा. त्यातूनही कुणी माझ्या कानांना हसलंच, तर त्याला उर्कउनिनचं वाक्य ऐकवा. कंगवा खड्ड्यात पडला, तिने हात झटकले, आणि घण उचललेल्या दिराकडे बघून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"सिंह इथे कुणीच पाहिलेला नाही, भाऊजी. तुम्हीसुद्धा नाही."