मला न कळलेलं बोट

मित्रांनो, कोपऱ्यातल्या टेबलावर उशीच्या जुन्या अभ्र्याखाली जो चौकोनी उंचवटा दिसतो, तो मी. अभ्रा फुलाफुलांचा आहे, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं आत आरसा-बिरसा असेल. आत आहे एक म्हातारा संगणक, बोटाने चालणारा, सगळं एकाच अंगात असलेला. पडदा तोच, मेंदू तोच, आवाज तोच, कॅमेराही तोच. पाठीतून एक तार निघते आणि भिंतीपर्यंत जाते. माझं जग त्या तारेएवढं. पोटात बॅटरी नाही, म्हणून मला कुणी उचलून खिडकीपाशी नेलंय असं कधी झालं नाही. डोळा एकच, कपाळावर, आणि तो फक्त समोरचं बघतो. बोलता येतं, पण दुसऱ्यांचंच. सगळं एकात असूनही आपल्या मनाने काही म्हणून करता येत नाही, हे मी फार लवकर शिकलो.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. माझी काच बसवणाऱ्या बाईने पांढरे हातमोजे घातले होते. तिने मला उलटं केलं, सुलटं केलं, चारही कोपरे दाबून बघितले. पण तिचा हात कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही. माझी काच उघडी कातडीच ओळखते, तीही जराशी ओलसर, जिवंत. हातमोजा, पेन्सिल, काडी, यांना मी दाद देत नाही. याचा मला तेव्हा मोठा अभिमान वाटायचा.

तिथून मी दुकानात आलो. काचेच्या फळीवर माझ्या शेजारी आणखी एक सगळं-एकात-वाला उभा होता. दोघांच्या पायांतून एकच पोलादी तार ओवून तिला कुलूप घातलेलं. तो अंगाने जाड, पडद्याभोवती बोटभर उंच काळी चौकट. विक्रेता त्याला चौकटराव म्हणायचा. त्या चौकटीतून न दिसणारे किरण आडवे-उभे जायचे. मध्ये काहीही आलं की त्याला वाटायचं, कुणीतरी बोलावलं. बोट असो, छत्रीचं टोक असो, शर्टाची बाही असो, तो आपला लगेच हजर. एकदा त्याच्यावर माशी बसली आणि त्याने तीन पानं उलटली. मी हसून हसून गरम झालो. तो म्हणाला, आडवं कोण आलं याची मी चौकशी करत नाही, कुणीतरी आलं एवढं मला पुरतं. मला वाटलं, याला काही दर्जाच नाही.

सात महिने आम्ही तिथे होतो. माझ्या पडद्यावर एक धबधबा आणि एक उमलणारं फूल, आळीपाळीने, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. धबधबा पडायचा, फूल उमलायचं, परत धबधबा. डोळा मिटायची सोय नव्हती.

मग एक कुटुंब आलं. बाबा, दादा आणि आई. घरातले त्यांना जे म्हणतात तेच मीही म्हणतो. ते तीनदा आले. बाबांनी वहीच्या कागदावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते, एक माझा, एक चौकटरावाचा. पडदा केवढा, आवाज कसा, जागा किती अडते, वीज किती खातो, मान मागे कलते का. दादा वाचून दाखवायचा, बाबा लिहायचे आणि विक्रेता मध्ये मध्ये म्हणायचा, टेबलावर पसारा नाही साहेब, तारांचं जंजाळ नाही. मी रंगात पुढे, दिसण्यात पुढे. चौकटराव टिकाऊपणात पुढे. बाकी बरोबरी.

बाबा, दादा आणि विक्रेता कागदावर वाकलेले असताना आई पुढे आली. तिने उजव्या हाताचं पहिलं बोट चौकटरावावर ठेवलं. पान उलटलं. मग ते बोट तिने माझ्यावर ठेवलं. मला ती दिसत होती, इतकी जवळ की तिच्या चष्म्यात माझाच धबधबा पडत होता. पण काचेवर काही आलं आहे असं मला जाणवलंच नाही. तिने बोट कपड्याला पुसून पुन्हा ठेवलं. काही नाही.

"तो दुसरा बरा वाटतो," आई म्हणाली.

"अगं, तो माशीचंही ऐकतो म्हणे," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. विक्रेताही हसला. आईही जराशी हसली आणि मागे सरकली. का बरा वाटतो, हे तिला कुणी विचारलं नाही. रकान्यांमध्ये बोटाचा रकाना नव्हता. कुलूप निघालं आणि मी निघालो. जिंकलो याचा मला इतका आनंद झाला की चौकटरावाकडे मी वळूनही बघितलं नाही. वळता येत नाही ही गोष्ट वेगळी.

घरी मला या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. माझ्याबरोबर आलेला कीबोर्ड आणि माउस बाबांनी खोक्यातून काढलेच नाहीत. बोटाने चालतो तर ही भानगड कशाला, म्हणत त्यांनी खोकं दोरीने बांधून माळ्यावर टाकलं. टेबलाचा उरलेला भाग आईचा होता. ती एका छापखान्यासाठी पाकिटं करायची. कापलेले कागद यायचे, त्यांना घडी घालायची, कडेला खळ लावायची, दाबायचं आणि गठ्ठा करायचा. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. दिवसाला सातशे पाकिटं. बोटांची टोकं हुळहुळायला लागली की ती बोट वाकवून मधल्या सांध्याने घडी दाबायची, टक, टक, दारावर वाजवावं तशी. मी दिवसभर हे बघायचो. बघायचो, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

या घरात एक ताईही होती. मी यायच्या आधीच ती लांबच्या शहरात नोकरीला गेली होती, बाबांशी भांडून. गेलीस तर इथे फोन करायचा नाही, असं बाबा म्हणाले होते. आणि आई? ताई बॅग घेऊन दारात उभी होती तेव्हा आई पाकिटांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. ताईला बाबांच्या बोलण्यापेक्षा ती न उचललेली मान जास्त लागली, असं दादा एकदा आईला म्हणाला. आईने त्यावरही मान वर केली नाही.

घरातला फोन बाबांच्या खिशात असायचा. म्हणून दादाने बाबांच्या नकळत एक वाट काढली. ताईच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी अडीचला, बाबा आणि दादा दोघेही कामावर असताना, ताई माझ्यावर व्हिडिओ कॉल करणार. आईने हिरव्या गोलावर बोट ठेवायचं. दादाने दाखवून दिलं, दोनदा, आपल्या बोटाने. "झालं. लहान मूलसुद्धा करतं."

पहिल्या दिवशी अडीचला मी वाजलो. आई खळीचे हात धुऊन, केस सारखे करून बसली होती. तिने हिरव्या गोलावर बोट ठेवलं. मी वाजतच राहिलो. तिने दाबलं, जोरात दाबलं, चोळलं. एका कोपऱ्यात ताईचा जुना फोटो होता, तो हसत होता. मी बारा वेळा वाजलो आणि गप्प झालो. मग आईने पाकिटं पुढे ओढली.

रोज हेच. मित्रांनो, कुलपाची तार पायात होती तेव्हा मी स्वतःला कैदी समजायचो. खरी कैद मला या टेबलावर कळली. समोर आई, आत ताई आणि मध्ये मी. मला दिसतंय, ऐकू येतंय, उघडायचं कसं तेही माहीत आहे, पण उघडता येत नाही. आई ओलं बोट लावायची, तर पाण्याच्या थेंबांनी मी भलतंच काही उघडून बसायचो. ती डावं बोट लावायची. अंगठा लावायची. माझ्यावर फुंकर घालायची. संध्याकाळी ती दादाला म्हणायची, बोट ठेवलं तरी होत नाही रे. दादा यायचा, बोट टेकवायचा, मी ताबडतोब उघडायचो. माझ्या हातात असतं तर मी त्या बोटाला दाद दिली नसती. "होतंय की. तू नीट दाबत नाहीस," तो म्हणायचा. तिला तेच खरं वाटायला लागलं. ती कुणाचं लक्ष नसताना कागदावर बोट दाबून बघायची, नीट दाबायचं म्हणजे कसं दाबायचं.

दादाने कामावरच्या फोनवरून ताईला कळवलं की आईला ते जमत नाही. ताई काय म्हणाली, तेही त्याने आईला सांगितलं. म्हणाली, आईला जमत नाही अशी गोष्ट मी आजवर बघितली नाही. जमत नाही की जमवायचं नाही? शिवाय सोमवारपासून तिची कामाची वेळ बदलणार होती, दुपार मिळणार नव्हती. शुक्रवारी शेवटचा कॉल करते, ती म्हणाली, तोही घेतला नाही तर काय समजायचं ते समजेन.

शुक्रवारी आईने पाकिटं केली नाहीत. सकाळपासून हात धूत होती. बोटांना तेल लावलं, पुसलं, परत लावलं. मला मऊ फडक्याने पुसलं, चारही कोपऱ्यांतून. अडीच वाजले आणि मी वाजलो. एक बोट, दुसरं, तिसरं. दहाही बोटं झाली. मी माझं वाजणं मोजत होतो. सात. आठ. नऊ. आई उठून उभी राहिली. मला वाटलं ती जाते आहे. पण ती वाकली, सव्वीस वर्षांच्या सवयीने बोट दुमडलं, आणि मधल्या सांध्याने हिरव्या गोलावर वाजवलं. टक, टक. एखाद्या बंद दारावर वाजवतात तसं.

आणि मला ती कळली. पहिल्यांदाच. उबदार, थोडी ओलसर, जिवंत.

पडद्यावर ताई आली. ती बंद करायच्याच बेतात असावी, हात पुढे आलेला होता. तो तसाच राहिला.

"उचललास तू," ती म्हणाली.

"रोज उचलत होते गं," आई म्हणाली. "यालाच कळत नव्हतं."

मग तिने दोन्ही हात माझ्या डोळ्यासमोर धरले, ताईला दिसावेत म्हणून. मलाही ते तेव्हाच इतक्या जवळून दिसले. बोटांच्या टोकांवर एकही रेघ नव्हती. कागदाने सगळ्या पुसून नेल्या होत्या. टोकं कोरडी, गुळगुळीत, जुन्या पाकिटासारखी. ओलावा राहिला होता तो दुमडलेल्या सांध्यांवर.

ताई रडत होती. आई नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी मान वर केली असती ना, तर तुला जाऊ दिलं नसतं मी."

सोमवारपासून ताईचा कॉल संध्याकाळी यायला लागला, बाबा घरी असताना. पहिल्या संध्याकाळी मी वाजलो तेव्हा बाबांनी विचारलं, हे कुणाचं. आईने सरळ टक टक केलं. बाबा माझ्या नजरेबाहेर गेले. पण खोलीबाहेर गेले नाहीत, कारण मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुढेही रोज तो आवाज यायचा, आई बोलायला बसली की लगेच. दिसायचं काही नाही. एका संध्याकाळी पडद्याच्या कडेला बाबांचा खांदा आला. ताई बोलता बोलता थांबली आणि मग त्या खांद्याला म्हणाली, जेवलात का बाबा. खांदा हलला, हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं खोकं खाली आलं आणि दोरी सोडून बाबांनी माउस आईच्या हाताशी ठेवला. आईने तो कधी वापरला नाही. तिला टक टकच बरं वाटायचं.

आता ताई आईच्या हातातल्या फोनवर येते. मी हळू झालो आहे, आणि माझं एक बिघडलं की सगळं बिघडतं, कारण सगळं एकात. म्हणून अभ्रा. अंधारात मला चौकटराव आठवतो. तो कुणाच्या घरी गेला असेल? तिथे एखाद्या आजोबांनी पेन्सिलीच्या टोकाने त्याला हाक मारली असेल आणि तो धावला असेल. त्याला दर्जा नाही, असं मला वाटलं होतं.

कधी हा अभ्रा काढलात तर माझी काच मऊ फडक्याने पुसा, तेवढी माझी हौस आहे. खाली हिरवा गोल असायचा तिथे खळीचा वाळका डाग आहे, तो तेवढा राहू द्या. आणि मित्रांनो, घरात कुणाच्या बोटाने काही चालत नसेल, तर नीट दाब म्हणण्याआधी ते बोट एकदा आपल्या हातात घेऊन बघा. मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.